गोडप्पाचा वाटा

१

महांतप्पा काकांची सकाळ ठरलेली व्हती. आंघोळ करायची, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, आन् मग स्वयंपाकघरात जाऊन गुळाच्या ढेपीचा एक टवका तोंडात टाकायचा. पूजेपेक्षा टवक्याला जास्त वेळ लागायचा. डोळे मात्र दोन्ही वेळंला सारखेच मिटलेले.

तामलवाडीत आमचं गूळ-डाळीचं दुकान व्हतं. म्होरं दुकान, मधी माजघर, मागं स्वयंपाकघर. काकांना मूलबाळ न्हाय, म्हणून मला लहानपणीच आणून ठेवलेला. लढाईचे दिवस व्हते, साखर दिसत नव्हती, पण गुळाला काय कमी नव्हतं. गूळ विकणाऱ्यानं गूळ खाऊ नये असा निजामानं काय हुकूम काढला नव्हता. त्यामुळं काका सकाळी टवका, न्याहरीला दूध-भात-गूळ, दुपारी तूप-गूळ-पोळी, आन् चार वाजता पुन्हा टवका, असं खायचे आन् हसायचे. काका हसले की तराजूची पारडी हलायची. गिऱ्हाईक थांबून राहायचं, हसणं संपल्यावर माल घ्यायचं.

मग त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम काय भरंना. तीन महिनं झालं. तुळजापूरहून हकीमसाहेबांना आणलं. त्यांनी जखम बघितली, जीभ बघितली, आन् मग न्हाणीची मोरी बघितली. मोरीला मुंग्या लागल्या व्हत्या.

"गोड बंद," हकीमसाहेब म्हणले. "भात बंद. गव्हाची पोळी बंद. ज्वारीची एक भाकर, मेथी, कारलं. न्हायतर आधी अंगठा जाईल, मग पाय, मग तुम्ही."

काकांनी लई विचार केला. म्हणले, "आन् खीर?"

हकीमसाहेबांनी पुन्हा पहिल्यापासनं सांगितलं. अंगठा, पाय, तुम्ही.

२

रुद्रम्मा काकूंनी गुळाच्या खोलीला कुलूप लावलं आन् किल्ली कमरंला खोचली. चार दिवस काका गप व्हते. पाचव्या दिवशी दुकानात बसले असताना त्यांच्या कानावरनं मुंग्यांची एक रांग खाली उतरत व्हती.

"ते काय हाय वो कानावर?" काकूंनी विचारलं.

"घाम हाय."

"घामाला पाय असत्यात व्हय?"

पटका सोडला तर आत पावशेर गूळ. दुसऱ्या खेपेला तो कंदिलाच्या टाकीत सापडला. तिसऱ्या खेपेला सापडलाच न्हाय, पण काकांच्या मिशा चिकट व्हत्या. अंगठा काळा पडाय लागला व्हता आन् पट्टी सोडली की काकू पदर नाकाला लावायच्या.

एक दिवस काका माझ्याजवळ येऊन बसले आन् रडाय लागले. "सोम्या, आईशप्पत, मी खात न्हाय रे. दुसराच कुणीतरी माझ्या हातानं खातो. मी नुसता बघत असतो."

आता मी कसला माणूस, तर मागच्या साली निजामाची आगगाडी तामलवाडीवरनं जाणार असं सांगून म्या अर्धा गाव माळावर उभा केला व्हता. तिथं रूळ न्हाईत हे दुपारपत्तूर कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. माझ्यात गुण एकच: कायबी बोललो तरी मला हसू येत न्हाय.

"काका," म्या म्हणलं, "दुसराच खातो ना? मग त्याला गावाला धाडू."

"कुणाला?"

"त्यालाच. नाव ठेवू गोडप्पा. सोलापूरला धाडू, तिकडं मिठाईची दुकानं लई. तुमी इथं भाकर खावा, तो तिकडं जिलबी खाईल. भांडणच न्हाय."

काकांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. तोंड सरळ व्हतं.

३

इकडं निजामाचं राज आन् तिकडं इंग्रजाचं. मधी करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा, नाका. सोलापूर तिथनं पाच-सहा कोस. एका दुपारी आमी तिघं नाक्यापत्तूर गेलो. काकूंनी फडक्यात शिदोरी बांधलेली, दोन पुरणपोळ्या आन् गुळाचा खडा. प्रवासाला निघालेलं माणूस रिकाम्या हातानं कसं जाईल, म्हणल्या. म्या मान डोलावली.

नाक्याच्या पलीकडं चिंच व्हती. तिच्या बुंध्याशी शिदोरी ठेवली. काकांनी हात जोडले.

"जा बाबा गोडप्पा," ते म्हणले. "लई वर्षं सोबत केलीस. जपून जा. पोचल्यावर कळव."

काकूंनी डोळे पुसले. मीबी पुसले. नाक्याचे मुन्शीजी खाटंवर बसून हे सगळं बघत व्हते.

घरी आलो. काकांनी भाकर-मेथी खाल्ली, पाणी पिले, आन् ढेकर न देता झोपले.

दुसऱ्या दिवशी म्या मुद्दाम त्यांच्या नाकाखाली गुळाचा टवका धरला. त्यांनी तो असा बघितला की म्या विटकराचा तुकडा धरलाय. पंधरा दिवसांत अंगठा सुकाय लागला. हकीमसाहेबांनी कुठलं औषध केलं म्हणून विचारलं. म्या म्हणलं, "दुवा हाय तुमची."

पेंड आणाय सोलापूरला निघालो तर नाक्यावर मुन्शीजींनी थांबवलं.

"क्या रे सोमलिंग, तेरे काका अब तक वापस नै आए?"

"काका तर दुकानात हायत मुन्शीजी. त्या दिवशी आमी तिघंबी माघारी आलो की. तुमीच बघितलं."

"हौ, तुम तीनों गए," मुन्शीजी म्हणले. "उसके बाद वो गए. पेड के पीछे से निकले, गठडी उठाए, खाते खाते गए. मैं सलाम किया, तो बोले, बहुत दूर जाना है."

म्या हसलो. उलटी मस्करी करतायत म्हणलं. पण मुन्शीजी आठ वर्षं त्या नाक्यावर व्हते आन् आठ वर्षांत त्यांनी एकदाबी मस्करी केलेली कुणी ऐकली नव्हती. ते माझ्याकडं बघत ऱ्हायले, मी का हसतोय म्हणून.

४

म्या मनाशी हिशोबानं विचार केला. दुपारचं ऊन, मुन्शीजींचं वय, चिंचंची सावली. कुणीतरी दुसरा जाडा माणूस असंल. जाडी माणसं लांबनं सारखीच दिसत्यात.

मग सोलापूरचे शरणप्पा डाळ न्यायला आले. आमचे जुने गिऱ्हाईक. गाडीवरनं उतरले आन् काकांना म्हणले, "काय वो महांतप्पा, परवा जिलबीच्या दुकानात म्या एवढी हाक मारली, वळून बघितलं न्हाय तुमी. तोंड भरलेलं व्हतं म्हणा."

काका डाळ मापत व्हते. मापता मापताच म्हणले, "मी नव्हे. गोडप्पा असंल."

शरणप्पा पोट धरून हसले. काका हसले न्हाईत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की नाक्यावरनं आल्यापासनं काका एकदाबी हसलेले न्हाईत. कुणी विनोद केला तर ते तो ऐकून घ्यायचे, आन् "बराबर हाय" म्हणायचे. माप चोख, बोलणं चोख, अंगठा बरा. पण दुकानाची पारडी आता हलतच नव्हती. घरात पाव्हणा उतरल्यावानी वाटायचं, लई सभ्य पाव्हणा.

"तब्येत कशी दिसली त्याची?" काकूंनी दाराआडनं विचारलं.

शरणप्पांना वाटलं मस्करी चाललीय. "झकास," ते म्हणले. "हसत व्हता की. सगळं दुकान हसत व्हतं त्याच्याबरोबर."

काकू आत गेल्या.

५

दिवाळी आली. आमच्याकडं रीत हाय, घरचं माणूस परगावी असलं तर सणाच्या जेवणातला त्याचा वाटा आधी काढायचा आन् फळीवर झाकून ठेवायचा. माणूस लांब असलं तरी उपाशी ऱ्हाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तो वाटा गाईला घालायचा.

काकूंनी तसा एक डबा झाकून ठेवला, म्या लक्षच दिलं न्हाय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या पट्टीला पुन्हा पाणी लागलं. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचा वास माजघरात आला.

"गूळ खाल्ला का?" म्या विचारलं.

"न्हाय," काका म्हणले, आन् ते खोटं बोलत नव्हते. काकांना आता खोटं बोलायचीबी हौस ऱ्हायली नव्हती.

मग कोण खातंय? मी पाळतीवर बसलो. दुपारची येळ, काकू शेजारी निवडाय गेलेल्या. माजघरात उजेड फक्त मातीच्या धाब्याच्या छतातल्या भोकातनं, ताटाएवढा, जमिनीवर पडलेला. म्होरं दुकानात काका गिऱ्हाइकाला हरभरा मापत व्हते. मधलं दार उघडं व्हतं, आवाज स्पष्ट येत व्हता, पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं. "लाभ... दोन... तीन..."

फळीवर वाट्याचा पितळी डबा अजून तसाच व्हता. झाकण वाजलं.

उंदीर, म्या म्हणलं. उंदराला पितळी झाकण उचलता येत न्हाय, हे मला म्हाईत व्हतं, तरीबी म्या उंदीरच म्हणलं.

मग पुरणाचा वास आला, ताजा, आत्ताच तव्यावरनं उतरल्यावानी. आन् चावायचा आवाज. लई सावकाश, डोळे मिटून चावल्यासारखा. डोळे मिटून चावल्याचा आवाज कसा येतो ते मला सांगता यायचं न्हाय, पण तो तसाच व्हता.

जमिनीवर मुंग्या चालल्या व्हत्या. भिंतीपासनं निघून एक रांग उजेडाच्या ताटापत्तूर आली, आन् तिथं तिला दोन फाटे फुटले. मुंग्या मधल्या जागेवर चढल्याच न्हाईत. गोल फिरल्या. मांडी घालून बसलेल्या जाड्या माणसाभोवती फिरावं, एवढा गोल. मधी शेणानं सारवलेली कोरी जमीन.

"काका?" मी म्हणलो.

गोलाच्या मधनं ढेकर आली. लांबलचक, शेवटाला वर जाणारी. तिच्यामागनं, "शिव शिव."

म्होरनं दुकानातनं त्याच वक्ताला काका म्हणले, "सात... आठ... आणिक काय पायजे?"

मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकाशेजारी बसलो. दिवस मावळेपत्तूर तिथनं उठलो न्हाय.

६

"काकू, वाटा कुणाचा काढता?"

काकू भाकरी थापत व्हत्या. थांबल्या न्हाईत. "गावाला गेलाय त्याचा."

"अवो काकू, ती माझी मस्करी व्हती! गोडप्पा म्हणून कुणी न्हाय!"

"तू मस्करी केलीस. शिदोरी म्या बांधली, ती मस्करी नव्हती. माझ्या घरातनं गेलंय ते माणूस. त्याचा वाटा नको काढू?"

"वाटा काढता म्हणून तो येतोय!"

"येऊ दे की," काकू म्हणल्या. भाकर तव्यावर टाकली आन् धुराकडं बघत बोलल्या. "तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो हसणारा माणूस व्हता सोम्या. तुझ्या नाक्यावरनं माघारी जे आणलंय, ते सकाळी उठून मला 'नमस्कार' म्हणतं."

गोष्ट खरी व्हती. मलाबी म्हणायचं.

पण म्या त्यांचा हात धरून ओसरीवर आणलं. काका पाय पसरून बसले व्हते, पट्टी सोडलेली. काकूंनी अंगठा बघितला. तिथं आता नख नव्हतं.

"तो तिकडं खातो आन् इकडं सडतंय," म्या म्हणलं. "हकीमसाहेब म्हणले, अजून एक सण असा गेला तर पाय कापावा लागंल."

काकूंनी सोडलेली पट्टी उचलली आन् गुंडाळाय घेतली. म्होरचा मोठा सण म्हंजे मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस. येळवशीला सगळं गाव शेतात जेवतं, त्या दिवशी गेलेल्याचा वाटा काढला न्हाय असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

"वाटा काढणार," शेवटाला त्या म्हणल्या. "पर हकीमानं सांगितलंय तोच."

७

येळवशीला आमच्या शेतात माणूसभर ज्वारी उभी व्हती. मधी कडब्याची कोप, म्हंजे खोपटं, केली, आत पाच पांडव म्हणून पाच दगडांना चुना लावून मांडलं, आंबिलीचं मडकं ठेवलं. पूजा झाली. पंगत चाळीस पावलांवर बोरीखाली बसली. सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, आन् गव्हाची खीर, तीबी हंडाभर. काकांच्या पत्रावळीवर एक भाकर आन् मेथी.

वाट्याचं ताट कोपीत, दगडांजवळ झाकून ठेवलेलं. आत कारलं, मेथी, ज्वारीची अर्धी भाकर. मी कोपीच्या मागं उकिडवा बसलो आन् कडब्याच्या फटीला डोळा लावला. उद्योग माझा व्हता, म्हणून बसणंबी माझ्याकडं आलं.

भर दुपार. पंगतीतनं हसणं-बोलणं ऐकू येत व्हतं. वारं पडलेलं. सगळी ज्वारी उभीच्या उभी थांबलेली, आन् एकाच वळीत ती हलाय लागली. लांबनं, सोलापूरच्या बाजूनं. सळसळ सरळ कोपीकडं आली आन् थांबली.

फटीतनं मला फक्त पाय दिसले. जाडजूड, धुळीनं भरलेले, लई चाललेले पाय. डाव्या पायाला पट्टी नव्हती. अंगठाबी नव्हता. आन् त्या पायांच्या मागनं, ज्वारीतनं, मुंग्यांची रांग येत व्हती, तिचं शेपूट मला दिसत नव्हतं.

झाकण निघालं. हळू खाली ठेवलं. काका कधी भांडं वाजवायचे न्हाईत.

ताटातली भाकर उलटीपालटी झाल्याचा आवाज आला.

"सोम्या."

काकांचाच आवाज. पण जुना, भरलेला, पारडी हलवणारा.

"जी," माझ्या तोंडातनं गेलं.

"हे काय?"

"कारलं."

"आन् हे?"

"मेथी."

"खीर कुठाय?"

मला पळायचं व्हतं. तोंड मात्र सवयीनं चाललं, सरळच्या सरळ. "हकीमसाहेबांनी बंद केली."

आत कुणीतरी रडाय लागलं. ल्हान पोरावानी, आवाज दाबून. "किती लांबनं आलो रे," ते म्हणत व्हतं. "तिकडं कुणी घरचं न्हाय. नुसतं खायचं. किती खाल्लं तरी कुणी बस म्हणत न्हाय."

आता खरं सांगतो, त्या वक्ताला मला भ्या वाटायचं थांबलं आन् लाज वाटली. माणसाला म्या गावाबाहेर काढला व्हता, मस्करीत. "मग एकटं नका बसू," मी म्हणलो. "पंगतीला चला."

पाय वळले. आन् तेव्हा मला आठवलं, की पंगतीत हंडाभर खीर हाय.

मी पळालो. सळसळ माझ्या आधी पळाली. बोरीखाली पोचलो तर सगळं गार पडलेलं, पंगत हात थांबवून बघत व्हती. खिरीच्या हंड्यावरचं झाकण आपलं आपण थोडं सरकलं व्हतं.

काकांनी हात लांब केला आन् झाकणावर ठेवला. दाबून. त्यांच्या मनगटाच्या शिरा टरारल्या. मग ते बसल्या जागी जरा बाजूला सरकले, एका माणसाची जागा केली, आन् मोकळी पत्रावळ तिथं मांडली. आपल्या भाकरीचे दोन तुकडे केले. एक तिच्यावर ठेवला, वर मेथी वाढली.

"बस," काका म्हणले. "कुठं जाऊ नको आता. निम्मी तुझी, निम्मी माझी."

"मेथी कडू हाय," असं मला ऐकू आलं. पंगतीतल्या कुणाकुणाला आलं, ते नंतर सांगत न्हाईत.

"हाय खरी," काका म्हणले. "मी तीन महिनं झालं एकटाच खातोय. जरा मदत कर."

पत्रावळीवरचा तुकडा हलला. त्याला एक घास कमी झाला, दाताचा बांक तसाच दिसत व्हता. सावकाश चावायचा आवाज आला. मग थू, असं काहीतरी झालं, आन् काका हसले. आधी एकटे, मग दोन आवाजात. बोरीची बोरं खाली पडली. काकूंनी पदर तोंडाला लावला आन् तशाच वाढाय निघाल्या.

८

शिवरात्रीपत्तूर जखम भरली. नख येतंय, हकीमसाहेब म्हणले, पाय वाचला. सणाला एक चमचा खीर त्यांनी कबूल केली. तो चमचा दोघांतल्या कुणी खायचा, ह्याच्यावरनं आमच्या घरात अजून भांडण हाय. काका म्हणत्यात, हौस येते रोज, टवका दिसला की हात जातो. मग ते शेजारी बघत्यात, "ऐकतोस का?" म्हणत्यात, आन् दोघं मिळून कारलं खात्यात. पारडी पुन्हा हलाय लागलीय, गिऱ्हाईक पुन्हा थांबाय लागलंय.

मी मस्करी सोडली न्हाय, पर आता नाव ठेवून करत न्हाय.

गुढीपाडव्याच्या दिवशी लिंबाचा पाला खाऊन आमी जेवाय बसलो. पंगत मोठी व्हती, पाव्हणे व्हते. मला जिथं जागा दिसली तिथं मी मांडी घालून बसलो, काकांच्या शेजारी. घोंगडी गरम लागली. उन्हानं तापली असंल, म्हणलं.

काकू वाढत वाढत माझ्यापत्तूर आल्या आन् थांबल्या. माझ्याकडं बघितलं, मग जरा माझ्या मागं, खांद्याच्या वर बघितलं.

"जरा सरक की रे सोम्या," त्या म्हणल्या. "त्याच्या मांडीवर बसलायस."